तकरार आणि तक्रार

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत सापडणारे काही शब्द मोठे फसवे असतात. उर्दूत आपण 'तकरार' म्हणतो, तेव्हा वादावादी किंवा भांडण असा अर्थ होतो. मराठीत तोच शब्द 'तक्रार' असा लिहितात आणि त्याचा अर्थ होतो गाऱ्हाणे. म्हणजे ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याच्यापुढे आपल्यावरचा अन्याय मांडणे. तकरार करणारा समोरच्या माणसाशी बोलतो. तक्रार करणारा तिसऱ्या माणसाशी बोलतो.

तुमच्यापैकी जे सायकलवरून शाळेत येतात, त्यांना हा फरक भाषेच्या पेपरापेक्षा रस्त्यावर जास्त उपयोगी पडेल. कारण सायकल आणि मोटार यांची तकरार झाली, तर दर वेळी मोटारच जिंकते. तुम्ही आणि तुमची सायकल मिळून वजन फार तर साठ-सत्तर किलो. मोटारीचे वजन हजार किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त, आणि प्रवाशांनी भरलेल्या एस.टी.चे दहा हजार किलोंहून अधिक. इथे हिंमत कामाची नाही, अक्कल कामाची आहे.

विषय नीट समजावा म्हणून एक खरा रस्ता डोळ्यांसमोर ठेवू. तुम्ही मालेगावात, भिवंडीत किंवा मिरजेत राहत असाल, तर हा रस्ता तुम्ही पाहिला नसेल. पण तुमच्या गावाजवळच्या रस्त्यावर जे घडते, ते सगळे याही रस्त्यावर घडते.

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर चेलाडी फाटा लागतो. तिथे उजवीकडे वळले की भोर तालुक्यातील नसरापूर येते. पुढे आंबवणे, मार्गासनी, विंझर ही गावे मागे टाकत रस्ता वेल्ह्याला पोहोचतो. वेल्हे म्हणजे तोरणा किल्ल्याचा पायथा. तोरण्याची उंची १,४०३ मीटर. मार्गासनीहून डावीकडे फुटणारा रस्ता राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवणे गावाला जातो. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे. वेल्ह्याहून पाबे घाट ओलांडला की खानापूरमार्गे सिंहगडाच्या पायथ्याकडे उतरता येते.

एरवी हा रस्ता शांत असतो. एस.टी., दुधाचा टेम्पो, वडापची जीप, एखादा ट्रॅक्टर, चार म्हशी आणि शाळेला निघालेली मुले. पण पावसाळा सुरू झाला, की शनिवारी-रविवारी पुण्याकडून मोटारींची रांग लागते. कोणी तोरण्याला, कोणी राजगडाला, तर कोणी मढे घाटाचा धबधबा पाहायला निघालेला असतो. भातलावणीचे दिवस असतात. खाचरातून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरलेला असतो, वरून धुके उतरलेले असते. आणि गाडीत बसलेल्यांना मात्र अंधार पडायच्या आत सर्व काही पाहून परत जायचे असते. अशा वेळी रस्त्याच्या कडेने जाणारी सायकल त्यांना अडचण वाटते. मग हॉर्न वाजतो, शिवी येते, काच खाली करून कोणी ओरडतो, "ए, बाजूला हो ना! रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

या प्रश्नाचे उत्तर खरे तर सरळ आहे. रस्ता त्याच्याही वडिलांचा नाही. सायकल चालवायला लायसन लागत नाही, सायकलीला नंबरप्लेट नसते, म्हणून काही चालकांना वाटते की सायकलवाल्याला रस्त्यावर हक्कच नाही. "टॅक्स आम्ही भरतो," असेही ते म्हणतात. रस्ता सरकारी तिजोरीतून होतो आणि साबणाची वडी विकत घेणारा प्रत्येक माणूस त्या तिजोरीत भर घालतो. वाहने चालवण्याविषयी केंद्र सरकारने २०१७ साली जे नियम केले, त्यांत पादचारी, सायकलस्वार, लहान मुले, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घ्यावी, असे चालकांना सांगितले आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही अडचण नाही. तुम्ही जपायची व्यक्ती आहात. हे उत्तर तुम्हांला माहीत असू द्या. रस्त्यावर ते कोणाला ऐकवू मात्र नका. का, ते पुढे येईलच.

आधी हॉर्नविषयी थोडे. हॉर्न हीसुद्धा एक भाषा आहे आणि तिचेही भाषांतर करावे लागते. आंधळ्या वळणाअगोदर एस.टी.चा चालक लांब हॉर्न देतो, तेव्हा तो रागावलेला नसतो. "मी येतो आहे, सांभाळा," एवढेच तो सांगतो. त्या हॉर्नबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. मागून येऊन एक-दोनदा छोटा हॉर्न देणारा ओव्हरटेक करण्याची परवानगी मागतो. पाठीशी चिकटून सारखा हॉर्न दाबून धरणारा, किंवा दिवसाढवळ्या अप्पर लाईट मारणारा, तो मात्र धाक दाखवतो. तिन्ही आवाज कानाला सारखेच वाटतात; म्हणून नवशिका सायकलस्वार प्रत्येक हॉर्नला दचकतो आणि दचकून हँडल वळवतो. खरा अपघात त्या वळवण्यात असतो. मालमोटारींच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' असे रंगवण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुजली, की २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांना त्यावर बंदी घालावी लागली. पण सवय काही बंदीने जात नाही.

आता सायकल रस्त्यावर नेमकी कुठे असावी, ते पाहू. पुष्कळ मुले भीतीने डांबराच्या अगदी काठावरून चालवतात. हे चुकीचे आहे. वेल्ह्याच्या रस्त्यासारख्या रस्त्यांवर पावसात डांबराचा काठ तुटतो आणि साईडपट्टी खचून डांबरापेक्षा वीतभर खाली जाते. चाक एकदा त्या कडेवरून घसरले, की सायकल आडवी होते आणि स्वार बहुधा रस्त्याच्या बाजूला पडतो. दुसरे असे, की तुम्ही अगदी काठाला असलात तर मागच्या चालकाला वाटते, पलीकडून गाडी येत असली तरी मधल्या जागेतून आपण निघून जाऊ. आणि तो खरोखरच कोपराला घासून निघून जातो. यालाच चालकांच्या भाषेत 'कट मारणे' म्हणतात. म्हणून काठापासून हातभर, खराब रस्त्यावर दोन हात जागा सोडून, डाव्या बाजूने सरळ रेषेत चालवावे. खड्डे चुकवत नागासारखे वळत गेलात, तर मागच्याला तुमचा पुढचा बेत कळत नाही. खड्डा दिसला, तर आधी मागे पाहा, हात दाखवा, मग हळूहळू बाजू घ्या. अरुंद मोरीवर दोन वाहने शेजारी-शेजारी मावत नाहीत. तिथे मागून गाडी येत असेल तर आधीच थांबून तिला जाऊ द्यावे. आणि शिरायचे ठरवले, तर आपल्या बाजूच्या मधोमध राहून मोरी पार करावी. अर्धवट कडेला राहणे सर्वांत वाईट.

काही मुले म्हणतात, "आम्ही उजव्या बाजूने चालवतो, म्हणजे समोरची गाडी दिसते." पायी चालणाऱ्यासाठी ही गोष्ट ठीक आहे. सायकलसाठी नाही. हिशेब करा. मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने येते, तुम्ही ताशी १५ किलोमीटर वेगाने जाता. एकाच दिशेने जात असाल, तर ती तुमच्याकडे ताशी ४५ किलोमीटरने जवळ येते. समोरासमोर असाल, तर ७५ किलोमीटरने. ताशी ६० चा वेग म्हणजे एका सेकंदाला सुमारे १७ मीटर. चालकाला तुम्ही दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच. तेवढ्यात गाडी एखाद्या वर्गखोलीच्या लांबीपेक्षा जास्त पुढे आलेली असते, आणि ब्रेक तर अजून लागलेलाच नसतो.

लांब वाहनांविषयी एक गोष्ट मोठी माणसेसुद्धा विसरतात. एस.टी. किंवा ट्रक डावीकडे वळतो, तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या बाजूने, कोपरा कापत येतात. मार्गासनीच्या फाट्यावर गुंजवण्याकडे वळणाऱ्या बसच्या डाव्या अंगाला सायकल असेल, तर चालकाला ती आरशात न दिसण्याचा संभव असतो. तिथे चालक वाईट नसतो; जागा वाईट असते. फाट्यावर बसच्या डावीकडून पुढे घुसू नका. तिला वळून जाऊ द्या.

इतके सगळे केले तरीही एखादा चालक मुद्दाम त्रास देणारा भेटतोच. समजा, तुम्ही पाबे घाट चढत आहात. दम लागला आहे, वेग पायी चालणाऱ्याइतका झाला आहे. घाटाच्या अरुंद चढावर वर जाणाऱ्या वाहनाला वाट मिळावी म्हणून उतरणाऱ्या मोटारीने बाजूला थांबावे, हा नियम १९८९ पासून लिखित आहे. तरी समोरून एक गाडी थेट तुमच्या अंगावर येते आणि तुम्हांला गटाराच्या चरात उतरायला लावते. वर आतले लोक हसतात. तुम्हांला राग येईल. यावा, त्यात गैर काही नाही. पण त्या क्षणी तुमच्याजवळ दोन-चार सेकंद असतात आणि ते कशावर खर्च करायचे, एवढाच प्रश्न असतो. मूठ दाखवण्यात आणि दगड उचलण्यात ते गेले, तर गाडी थांबते आणि चार माणसे खाली उतरतात. मग घाटात तुमच्या बाजूने कोण आहे? तेच सेकंद नंबरप्लेट वाचण्यात घालवा. पूर्ण नंबर जमला नाही, तर शेवटचे चार अंक मोठ्याने पुन्हा पुन्हा म्हणत राहा. गाडीचा रंग, ती जीप होती की पिकअप, कुठे पोचा किंवा स्टिकर होता का, वेळ किती झाली, जवळ किलोमीटरचा कोणता दगड होता, हे सर्व थांबून वहीच्या मागच्या पानावर लिहून काढा. चालत्या सायकलवर मोबाईल बाहेर काढू नका.

गाडी पुढे जाऊन थांबली आणि कोणी उतरून तुमच्याकडे येऊ लागला, तर पुढे जाऊ नका. सायकल वळवा आणि जिथे माणसे आहेत तिकडे जा. चहाची टपरी, देऊळ, मशीद, शेतात काम करणाऱ्या बाया, काहीही चालेल. "काका, ही गाडी मला त्रास देते आहे," एवढे एक वाक्य पुरते. आपल्याकडे खेड्यात हे वाक्य ऐकून कोणी बसून राहत नाही. एखादा मोटारसायकलवाला मुलीच्या सायकलीमागे रोज रोज येत असेल, तर ती वाहतुकीची बाब राहतच नाही. तो पाठलागाचा गुन्हा आहे. अशा वेळी घरी आणि शाळेत त्याच दिवशी सांगावे. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८ आहे, पोलिसांचा ११२, आणि रुग्णवाहिकेचा १०८.

सावध राहिलो की काहीच होणार नाही, असे मी तुम्हांला सांगणार नाही, कारण ते खरे नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर अवतार सैनी नावाचे ६८ वर्षांचे अभियंते सोबत्यांबरोबर सायकल चालवत होते. इंटेल कंपनीच्या भारतातील कामाचे ते एकेकाळी प्रमुख होते. ज्या ३८६ आणि ४८६ मायक्रोप्रोसेसरवर कधीकाळी जगभरचे संगणक चालत, त्यांच्या घडणीत त्यांचा वाटा होता. मागून आलेल्या टॅक्सीने त्यांना धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यांना सायकल येत नव्हती असे नाही, की ते उलट्या बाजूने जात होते असेही नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणून सायकलस्वाराला सूचना देऊन हा विषय संपत नाही. चालकाला जाब विचारणारे कोणीतरी असावे लागते, आणि इथेच आपण 'तक्रार' या मराठी शब्दाकडे परत येतो.

पोलीस ठाण्यात गेलात, तर तुम्हांला ओळखीचे अनेक शब्द भेटतील, पण बदललेल्या अर्थाने. उर्दूतली 'फरियाद' म्हणजे आर्त हाक. मराठीतली 'फिर्याद' म्हणजे गुन्ह्याची रीतसर खबर. उर्दूत 'जवाब' म्हणजे उत्तर. मराठीत पोलीस 'जबाब' घेतात, म्हणजे तुम्ही सांगितलेली हकीकत लिहून त्यावर सही घेतात. 'गुनाह' म्हणजे पाप, तर 'गुन्हा' म्हणजे कायद्याने शिक्षा होणारे कृत्य. 'ईज़ा' म्हणजे छळ, त्रास. मराठीत 'इजा' म्हणजे शरीराला झालेली दुखापत. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हाही सदका आहे, हे तुम्ही दीनियातच्या तासाला शिकला आहात. बेफाम गाडी हीसुद्धा त्रासदायक वस्तूच आहे. ती काटा उचलावा तशी उचलता येत नाही, एवढेच.

तक्रारीचा अर्ज साध्या भाषेत असावा. त्याचा नमुना असा: 'मी अ. ब. क., इयत्ता नववी. दिनांक अमुक रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी सायकलवरून विंझरहून वेल्ह्याच्या दिशेने रस्त्याच्या डाव्या बाजूने जात होतो. मागून पांढऱ्या रंगाची जीप, क्रमांक अमुक, वेगाने आली. तिने माझ्या हँडलला घासून ओव्हरटेक केले. मी साईडपट्टीवर पडलो. उजव्या कोपराला इजा झाली. त्या वेळी अमुक गावचे दोन शेतकरी तिथे हजर होते.' या नमुन्यात चालक दारू प्यालेला 'असावा', तो 'नेहमीच' असे करतो, असले काही नाही. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिले आहे. अंदाज आणि विशेषणे काढून टाकली, की अर्ज बळकट होतो. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवून तिच्यावर पोहोच घ्यावी, आणि बरोबर आईवडिलांना किंवा शिक्षकांना न्यावे.

नसरापूर-वेल्हे रस्त्यासारखा लांब रस्ता एकाच ठाण्याच्या हद्दीत असतो असे नाही. पण हद्द कोणाची, हा प्रश्न तुम्ही सोडवायचा नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत स्पष्ट लिहिले आहे. अपघात झाला, तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे, ही मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने चालकाची जबाबदारी आहे. आणि जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्या वाटसरूला त्याबद्दल कोर्टकचेरीत गोवता येत नाही. २०१९ साली त्यासाठी कायद्यात वेगळे कलम घातले गेले. "पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार," असे म्हणणाऱ्या आपल्या काका-मामांना ही शेवटची गोष्ट जरूर सांगा. पुष्कळांना ती माहीतच नसते.

अशा तक्रारींनी काय होते, असे कोणी विचारील. नेदरलँड्स हा देश आज सायकलींसाठी प्रसिद्ध आहे. पण १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यांपैकी एक मुलगी विक लँगनहॉफ नावाच्या पत्रकाराची होती. ती सहा वर्षांची होती आणि सायकलने शाळेला चालली होती. त्या बापाने चालकाच्या घरावर जमाव नेला नाही. १९७२ साली त्याने वृत्तपत्रात लेख लिहिला आणि मुलांचे हे बळी थांबवा, अशी हाक दिली. त्यातून पालकांची चळवळ उभी राहिली. लोकांनी रस्ते अडवले, सरकारदरबारी अर्ज केले आणि पुढच्या काही वर्षांत सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधले जाऊ लागले. आता तिथे चौदा वर्षांखालील सायकलस्वार मुलाला मोटारीची धडक बसली, तर नुकसानभरपाई जवळजवळ नेहमी मोटारवाल्यालाच द्यावी लागते.

आपल्याकडच्या रस्त्यांवर वेगळे सायकलमार्ग उद्या होणार नाहीत. पण खचलेली साईडपट्टी मुरूम टाकून भरता येते. शाळेच्या अलीकडे गतिरोधक घालून त्यावर पांढरे पट्टे मारता येतात. आंधळ्या वळणावरची झुडपे छाटता येतात. ही कामे सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा जिल्हा परिषदेची असतात आणि त्यांच्याकडे अर्ज करायला वयाची अट नाही. वर्गातील सायकलवाल्या मुलामुलींनी एक महिनाभर वहीत नोंद ठेवावी: कुठल्या दगडाजवळ, किती वाजता, काय घडले. एकट्याचे गाऱ्हाणे साहेब बाजूला ठेवील. चाळीस सह्या आणि महिन्याची नोंद जोडलेला अर्ज आवक-जावक रजिस्टरात चढतो, त्याला क्रमांक पडतो, आणि मग त्या क्रमांकाचे काय झाले, हे विचारायला दर पंधरवड्याला मुख्याध्यापकांबरोबर जाता येते.

स्वाध्याय

१. 'तकरार' व 'तक्रार', 'जवाब' व 'जबाब' यांतील अर्थाचा फरक स्वतःच्या वाक्यांत दाखवा.

२. बस डावीकडे वळत असताना सायकल तिच्या डाव्या बाजूला का नसावी? आकृती काढून समजावा.

३. पाठातील अर्जाच्या नमुन्यात 'तो चालक फार उद्धट होता' हे वाक्य घालावे का? कारणे द्या.

४. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर सायकलला सर्वांत धोक्याची जागा कोणती? त्या जागेबद्दल संबंधित कार्यालयाला दहा ओळींचा अर्ज लिहा.